भिंतभर रंकाळा

कोल्हापुरात कुणाचा फोटो आठ फुटांच्या वर गेला की त्याचा वाढदिवस तरी असतो, नाहीतर तेरावा तरी. चौकाचौकातल्या फ्लेक्सनी आपल्या डोळ्यांना ही सवयच लावून ठेवली आहे. त्यामुळे हॉलच्या भिंतीवर घरचाच एखादा फोटो भिंतभर लावायचा, असं मी जाहीर केलं तेव्हा आईनं पहिल्यांदा हेच विचारलं, "कुणाचा? आणि हार कोण बदलणार रोज?"

निमित्त रंगकामाचं होतं. टीव्हीची भिंत मोकळी करायची ठरली होती, ११ फूट रुंद आणि साडेआठ फूट उंच. राजारामपुरीतल्या एका दुकानात वॉलपेपरचे कॅटलॉग चाळले. मेपलची लाल पानं, पॅरिसचा मनोरा, धबधबा, आणि दगडी भिंतीचं छापील चित्र. दगडी भिंत बघायची तर जोतिबाला जाऊन येऊ, त्यासाठी चौरस फुटाच्या भावानं पैसे कशाला मोजायचे? दुकानदारच म्हणाला, "तुमचा फोटो द्या की. तुमच्या मापात छापून देतो."

आमच्याकडे फोटो होते म्हणण्यापेक्षा निगेटिव्ह होत्या. कुटुंबाचे अल्बम शुक्रवार पेठेत आत्याकडे असायचे आणि २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी तिच्या तळमजल्यात आलं. फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो. तो भिजून मऊ होतो आणि समोरच्या फोटोला धरून वाळतो. मग सोडवायला गेलं की एकाचा चेहरा दुसऱ्याच्या पाठीवर निघून येतो. तिचे अल्बम असेच विटेसारखे घट्ट झाले. निगेटिव्ह मात्र आमच्या माळ्यावर बिस्किटाच्या डब्यात, बटर पेपरच्या पाकिटांत, कोरड्या राहिल्या होत्या. दादांनी (म्हणजे माझ्या वडिलांनी) आग्फा क्लिक थ्रीवर काढलेल्या. १२० चा रोल, एका रोलला बारा फोटो, निगेटिव्ह चौकोनी आणि चांगली सव्वादोन इंच. तेव्हा तो हौशी लोकांचा स्वस्तातला कॅमेरा. पण एवढी मोठी निगेटिव्ह भिंतीच्या कामाला किती उपयोगी पडते ते पुढं कळलं.

छपाईच्या आधी मित्राच्या क्लासमधला प्रोजेक्टर मागून आणला. ज्यांना असं काही करायचं आहे त्यांना मी हे आवर्जून सांगतो: फोटो पसंत करायचा तो मोबाइलवर बघून करू नका. रात्री दिवे घालवून तो खऱ्या मापात भिंतीवर पाडा आणि सगळ्यांना समोर बसवा. फुकटात निकाल लागतो.

माझ्या मनात दादांचा फोटो होता. चाळिशीतला, स्टुडिओत काढलेला, चेहरा आणि खांदे. टेबलावर फ्रेममध्ये तो इतका चांगला दिसतो की येणारा-जाणारा थांबून बघतो. भिंतीवर पाडला तर हनुवटीपासून कपाळापर्यंत पाच फूट. डोळे माझ्या तळहाताएवढे. खोलीत कुठंही बसलं तरी नजर आपल्यावरच. धाकटी घाबरून आजीच्या मागं गेली. आई काही वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "बंद कर ते. भावपूर्ण श्रद्धांजली लिहायचं तेवढं राहिलंय खाली."

असं का होतं ते गल्लीतल्या पेंटरकाकांनी समजावून सांगितलं. उषा, शाहू टॉकीजवर हातानं रंगवलेले बॅनर लागत त्या काळात त्यांचा हात त्यावर फिरलेला आहे. फोटोवर पेन्सिलीनं चौकटी आखायच्या, कापडावर तेवढ्याच चौकटी फुटाफुटाच्या मारायच्या आणि एकेक चौकट उतरवत जायची, हे काम त्यांनी वर्षानुवर्षं केलं. ते म्हणाले, "हिरोचं तोंड आम्ही दहा फुटी काढत होतो, खरं. पण ते बघणारा रस्त्याच्या पलीकडं उभा असायचा. तुमच्या हॉलमधी रस्ता कुठाय? घरात माणूस त्याच्या मापापेक्षा मोठा करायचा न्हाई. निम्मा चालंल, पाव चालंल."

मग त्यांनी नाटकाच्या पडद्यांचं उदाहरण दिलं, आणि माझ्या डोक्यातला गुंता तिथंच सुटला. बाबूराव पेंटर सिनेमात यायच्या आधी ते आणि त्यांचे आतेमामे की मावसभाऊ, नातं काहीही असो, आनंदराव पेंटर हे दोघं नाटक कंपन्यांचे पडदे रंगवण्यासाठी प्रसिद्ध होते. त्या पडद्यांवर काय असायचं? रस्ता, राजवाडा, जंगल, देऊळ. माणूस नसायचा, कारण माणसं पडद्यापुढं उभी राहायची होती. "घराची भिंत म्हंजे पडदाच की," काका म्हणाले. "पुढं तुम्ही माणसं फिरणार. मागं जागा दाखवा."

त्या वाक्यानंतर डबा पुन्हा उपसला आणि आता उलट्या नजरेनं. ज्या निगेटिव्हमध्ये माणसं छोटी आली म्हणून दादांनी त्यांचे मोठे प्रिंटच काढले नव्हते, त्या बाजूला काढल्या. त्यातच ती सापडली. रंकाळ्याचा काठ, सकाळ, लांबवर पाणी, पलीकडच्या तीरावर शालिनी पॅलेस. अलीकडं कठड्यावर ओळीनं बसलेले आबा, आजी, काका आणि फ्रॉकमधली आत्या. अंबाबाईचं दर्शन घेऊन सगळे चालत रंकाळ्यावर आले होते म्हणे. दादांनी सगळं पाणी फोटोत यावं म्हणून इतकं मागं जाऊन फोटो काढला होता की आजी तेव्हा चिडली होती, "आम्ही दिसणार तरी का त्यात?"

प्रोजेक्टरवर ती निगेटिव्ह पाडली (मोबाइलनं ट्यूबलाइटसमोर धरून काढलेला कच्चा फोटो, रंग उलटे करून) आणि खोलीची भिंत मागं सरकली. आबा भिंतीवर साधारण सव्वादोन फूट झाले. १९३४ साली बांधून झालेला तो एवढा मोठा राजवाडा जेमतेम फूटभर. बाकी सगळं पाणी आणि आभाळ.

स्कॅनिंगबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण सगळा खेळ तिथं ठरतो. जुन्या प्रिंटवरून स्कॅन करता येतं, पण सत्तरच्या दशकानंतरचे बरेच प्रिंट खरखरीत, रेशमी पोताच्या कागदावर असतात. स्कॅनरच्या दिव्यात तो पोत ठिपक्यांच्या जाळीसारखा उमटतो आणि फोटो भिंतीएवढा केला की जाळीच दिसते. निगेटिव्ह असेल तर निगेटिव्हच वापरा. ती ओल्या फडक्यानं पुसू नका, तोंडानं फुंकर मारू नका, थुंकीचे कण बसतात. रबरी ब्लोअर आणि मऊ ब्रश, बस्स. निगेटिव्ह सपाट काचेला चिकटली तर इंद्रधनुष्यासारखी वर्तुळं येतात, म्हणून ती होल्डरमध्ये धरून काचेपासून अंतरावर ठेवावी लागते.

स्टुडिओतला पोरगा म्हणाला, मशिनमध्ये धूळ आपोआप काढायची सोय आहे. ती सोय इन्फ्रारेड उजेडावर चालते, आणि रंगीत निगेटिव्हला चालते. जुन्या ब्लॅक अँड व्हाइट फिल्ममध्ये चित्रच चांदीचं असतं. इन्फ्रारेडला चांदी आणि धूळ दोन्ही सारखीच आडवी येतात. त्यानं बटण दाबून पाहिलं तर आबांच्या टोपीची कडा धूळ समजून पुसली गेली. मग ठिपके एकेक करून हातानंच काढले. आभाळातले सगळे काढले. पाण्यातले अर्धे ठेवले, कोण बघतंय.

आता आकडेमोड. सव्वादोन इंचाची निगेटिव्ह २४०० डीपीआयनं (म्हणजे इंचाला २४०० ठिपके) स्कॅन केली की एका बाजूला साधारण ५३०० पिक्सेल मिळतात. स्कॅनरच्या खोक्यावर ६४०० लिहिलेलं असतं, पण घरगुती फ्लॅटबेड स्कॅनरचा खरा तपशील त्याच्या निम्म्यालाही पोचत नाही. आकडा वाढवला की फाइल फुगते, चित्र तेवढंच राहतं. ११ फूट म्हणजे १३२ इंच. ५३०० भागिले १३२, म्हणजे इंचाला ४० पिक्सेल.

छपाईच्या दुकानात हे सांगितल्यावर ऑपरेटरनं तोंड वाकडं केलं. "३०० डीपीआय करून आणा साहेब, त्याशिवाय मशिन घेत नाही." इंचाला ३०० पाहिजे ते हातात धरून वाचायच्या मासिकाला. भिंत कोण नाकाला लावून वाचतं? चांगल्या डोळ्याला दोन ठिपके वेगळे दिसायला साधारण एक कलेचं, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाचं, अंतर लागतं. त्या हिशेबानं तीन फुटांवरून इंचाला ९५ ठिपके पुरतात आणि नऊ फुटांवरून ३२. आमचा सोफा भिंतीपासून नऊ फुटांवर. ४० मध्ये काम भागत होतं. मशिनचं समाधान व्हावं म्हणून फाइल १०० ची करून दिली. त्यात नवीन तपशील काही येत नाही, फक्त पिक्सेलचे चौकोन दिसत नाहीत.

ज्यांच्याकडे निगेटिव्ह नाही, मोबाइलचाच फोटो आहे, त्यांच्यासाठी: साध्या १२ मेगापिक्सेलच्या फोटोची लांब बाजू ४००० असते, दहा-अकरा फुटांना इंचाला तीसच्या आसपास पडतात, म्हणजे हॉलमध्ये चालतं. पण तोच फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवला की लांब बाजू १६०० वर येते आणि इंचाला बारा. अकरा फुटी भिंतीवर बारा म्हणजे शेवया. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर पेनड्राइव्ह घेऊन स्वतः जा.

मधल्या काळात पुतण्यानं सुचवलं की एआयनं फोटो मोठा करू. केला. पाण्यावरच्या लाटा बऱ्या आल्या, पॅलेसच्या कमानी तर अशा धारदार झाल्या की बघत राहावं. मग चेहरे बघितले. आजीचा चेहरा मूळ फाइलमध्ये जेमतेम दीडशे पिक्सेल उंचीचा. त्यात नथ म्हणजे दहा-बारा पिक्सेलचा पांढरा-काळा गोळा. यंत्रानं विचार केला आणि आजीला बारीक मिशी काढली. आबांचे ओठ मिटलेले होते, त्यांना दात दिले, वरचे आठही सरळ रेषेत. आबांना पाहिलेल्या कुणालाही विचारा, त्यांनी फोटोसाठी दात कधी दाखवले नाहीत, आणि होते तेही तसे नव्हते. आजीच्या इरकली लुगड्याच्या काठाचं कुठल्या तरी परदेशी गालिच्याचं नक्षीकाम झालं होतं. माझं मत: दगड, पाणी, झाडं याला एआय खुशाल लावा. माणसांना हात लावू देऊ नका. अंधुक आजी ही आपली आजी असते. आम्ही पॅलेसपुरतं सुद्धा ते घेतलं नाही, कारण मग राजवाडा आजचा आणि माणसं जुनी असं विचित्र दिसायला लागलं. फिल्मचा दाणा होता तसा ठेवला. जवळ गेलं की तो भिंतीवर वाळूसारखा दिसतो, आणि डोळ्याला त्याचा त्रास होत नाही.

निगेटिव्ह चौकोनी, भिंत आडवी. वरून, खालून मिळून बाराशे पिक्सेल उंची कापायची होती. आभाळ भरपूर होतं, कापायला हरकत नव्हती. पण ऑपरेटरनं सांगितलं, खालून कापा, कारण खाली "एक डाग" आहे. मोठं करून बघितलं. डाग नव्हता. सकाळचं कोवळं ऊन पाठीशी घेऊन दादा उभे होते, आणि त्यांची लांब सावली फोटोच्या खालच्या कडेतून आत आली होती: डोकं, आणि कॅमेरा डोळ्याला लावल्यामुळं दोन्ही बाजूंना फाकलेले कोपर. "काढून टाकतो, एका मिनिटाचं काम, पैसे नकोत," ऑपरेटर म्हणाला. आई माझ्या शेजारी उभी होती. म्हणाली, "आभाळ काप."

त्यामुळं एक तांत्रिक गोष्ट बदलली. वरून कापल्यावर क्षितिजाची रेघ भिंतीवर वर सरकते. पेंटरकाका त्याला डोळ्याची रेघ म्हणतात. ती उभ्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर, साधारण पाच फुटांवर पडली तर खोली पुढं उघडल्यासारखी वाटते. सहाच्या वर गेली तर पाणी अंगावर आल्यासारखं वाटतं. सावली ठेवून आमची रेघ पाच-सव्वापाचवर आली. काकांनी टेप लावून बघितलं आणि मान डोलावली.

कागदाची निवड लवकर झाली. फ्लेक्स सगळ्यात स्वस्त, पण चकाकतो, आणि पुन्हा चौकाची आठवण. व्हिनाइल पुसायला सोपा, पण त्याच्या आड भिंतीची ओल कोंडते आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात आतून बुरशी धरते. नॉन-वोव्हन कापडी कागद श्वास घेतो, खळ कागदाला न लावता भिंतीला लावायची असते आणि भिजून तो फारसा वाढत नाही, त्यामुळं जोड जुळतात. तोच घेतला, मॅट. शाई लेटेक्सची सांगितली, सॉल्व्हंटच्या शाईचा वास बंद खोलीत बरेच दिवस रेंगाळतो.

ब्लॅक अँड व्हाइटची एक गोम आहे. मोठी मशिनं करडा रंग बहुतेक वेळा निळा, गुलाबी, पिवळा, काळा मिसळून करतात. हे मिश्रण एका उजेडात करडं दिसतं आणि दुसऱ्यात फसतं. म्हणून आधी आबांच्या तोंडापासून पाण्यापर्यंतची एक फूटभर पट्टी छापून घेतली आणि भिंतीवर टेपनं डकवून ठेवली. सकाळी बरी दिसली. ट्यूबलाइटमध्ये आबा हिरवे, पिवळ्या दिव्यात गुलाबी. पेंटरकाका बघून म्हणाले, "ह्याला जरा चहा पाजा." म्हणजे सगळ्या चित्राला हलका तपकिरी कल द्या. तो दिल्यावर उजेड बदलला तरी डोळ्याला ते जाणवेनासं झालं. छापायला टाकायच्या आधी पट्टी मागा. दुकानदार कुरकुर करतो, करू दे.

भिंतीचं काम मात्र कुणी मन लावून सांगत नाही, आणि म्युरल (अशी भिंतभर चित्रं) पडतात ती तिथंच. पश्चिमेची बाहेरची भिंत घ्यायची नव्हतीच. जून ते सप्टेंबर पाऊस तिच्यावरच आपटतो. आमची भिंत आतली, दक्षिणेची, पण तिच्या एका कोपऱ्याला पलीकडून बाथरूम लागतं. दोन फुटांचा प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपनं चिकटवून दिवसभर ठेवला. इतरत्र कोरडा, त्या कोपऱ्यात आतून दव. बाथरूमच्या फरशांचे सांधे भरून घेतले, भिंत सुकू दिली, मगच पुढचं. जुन्या रंगाचे पोपडे खरवडले, खड्ड्यांत लांबी भरली, घासली. घासल्यावर लांबीची पांढरी भुकटी भिंतीवर राहते आणि खळ भिंतीऐवजी त्या भुकटीला चिकटते. म्हणून झाडून, पुसून, वर प्रायमरचा हात. नवीन गिलावा असेल तर महिनाभर तरी थांबा.

आणि स्विचबोर्ड. तो हलवता येत नव्हता. कच्च्या फाइलवर त्याची जागा मोजून बघितली तर बरोबर फोटोतल्या काकांच्या पोटात. चित्र दोन इंच उजवीकडं सरकवलं, बोर्ड कठड्याच्या दगडात गेला. आता काका त्याला टेकून बसलेत असं वाटतं.

लावायला आलेला कारागीर निपाणीकडचा, बोलणं कमी. कागद चार पट्ट्यांत आला होता, चारी बाजूंना दोन-दोन इंच जादा. त्यानं छताकडं बघून एकच प्रश्न विचारला, "छताला धरू का पाण्याला?" आमचं छत एका टोकाला पाऊण इंच खाली आहे, हे इतकी वर्षं राहून मला माहीत नव्हतं. छताला धरून कागद लावला असता तर रंकाळा तिरका झाला असता, आणि तिरकं पाणी डोळ्याला लगेच खुपतं. त्यानं ओळंबा सोडला, पाण्याच्या नळीनं लेव्हल काढली, क्षितिजाच्या उंचीवर निळ्या पुडीचं सूत मारलं आणि पट्ट्या त्या रेघेला जुळवत गेला. छताचा वाकडेपणा जादा कागदात कापून गेला. त्याची पद्धत बघण्यासारखी होती: दोन पट्ट्या बोटभर एकमेकींवर चढवायच्या, पट्टी धरून दोन्हींतून एकदाच ब्लेड ओढायचं, वरची कातरण काढायची, कड उचलून खालची कातरण ओढून घ्यायची आणि जोड बसवायचा. प्रत्येक कापाला ब्लेडचं टोक मोडून नवं. रबरी पट्टीनं मधून बाहेर फुगे काढले. दुसरा जोड आत्याच्या फ्रॉकवरून जातो. मुद्दाम सांगितल्याशिवाय कुणाला सापडत नाही.

काम झाल्यावर लक्षात आलं की फोटोत आम्हाला माहीत नसलेली बरीच वस्ती आहे. डावीकडं पाण्यात तीन म्हशी आणि एकाला त्या धुवायच्या आहेत. त्याच्या मागं सायकल. आणि उजव्या कडेला डोक्यावर टॉवेल टाकलेले एक गृहस्थ, थेट कॅमेऱ्याकडं बघणारे. अल्बममधल्या तीन इंची प्रिंटवर ते कुणाच्या नजरेलाही पडले नसते. इथं ते आबांएवढेच सव्वादोन फूट आहेत. आईला माहीत नाहीत, फोटोतल्या काकांना माहीत नाहीत. आता ते आमच्यातच राहतात. धाकटी त्यांना टॉवेलआजोबा म्हणते.

आत्या बघायला आली. आधी पाणी बघितलं, मग पॅलेस, मग स्वतःला. मग तिनं दिशा विचारली. दक्षिणेच्या भिंतीवर गेलेल्या माणसांचे फोटो लावतात हे तिला पक्कं ठाऊक. "व्हय रे, मला जित्तेपणी पितरांत बसवलास काय?" मी म्हटलं, कोरडी भिंत हीच होती. "मग बाकीच्यांस्नी तरी सांग, मी अजून हाय म्हणून." तरी ती जाताना आपल्या फ्रॉकपुढं उभी राहून फोटो काढून घेऊन गेली. प्रत्येकजण तेच करतो. पेंटरकाकांचं पडद्याचं म्हणणं त्या अर्थानं खरं ठरलं: लोक भिंतीकडं बघायच्या आधी भिंतीकडं पाठ करून उभे राहतात. पूर्वी स्टुडिओत रंगवलेल्या पडद्यासमोर उभं राहून फोटो काढायचे, तसंच.

पहिल्या पावसाळ्यात बाथरूमच्या कोपऱ्यातला जोड वीतभर सुटला. कड अलगद उचलून मऊ ब्रशनं थोडी खळ सरकवली, फडक्यानं दाबून धरली, बसला. जुलैत पंखा दिवसभर चालू ठेवतो. पुसायचं कोरड्या फडक्यानंच, आणि आभाळावर फडकं घासायचं नाही. मॅट कागदाला घासलं की चमक येते.

पुण्याचा आतेभाऊ मागच्या महिन्यात येऊन गेला आणि भिंत बघून पेटला. त्याच्या मुलाचं लग्न झालंय, बेडरूमच्या भिंतीवर दोघांचा फोटो करायचाय, फक्त चेहरे, दहा फूट. मी त्याला प्रोजेक्टर देतो म्हटलं, पेंटरकाकांकडं नेलं, काकांनी टॉकीजपासून सगळं सांगितलं. त्यानं नीट ऐकून घेतलं, काकांच्या पाया पडला, आणि परवा फोन करून सांगितलं की फाइल छापायला गेली. व्हॉट्सॲपवरून.